'लाँच' : एक शब्दरूप, दोन व्युत्पत्ती
(रेवस बंदराच्या शब्दसंपत्तीच्या संदर्भात)

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीच्या मुखाशी रेवस हे बंदर वसलेले आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला येणारी लाँच आणि रेवसहून खाडीपलीकडील उरण तालुक्यातील करंजा येथे जाणारी तर, या दोन जलवाहतूक सेवांमुळे हे बंदर अनेक दशके परिसराच्या दळणवळणाचे केंद्र राहिले. बंदर म्हणजे केवळ माणसांची आणि मालाची ये-जा नव्हे. ती शब्दांचीही ये-जा असते. रेवसच्या धक्क्यावर सहज कानी पडणारे 'लाँच', 'तर', 'फेरी', 'बोट', 'उतारू' हे शब्द वेगवेगळ्या भाषांतून, वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या मार्गांनी तेथे एकत्र आले आहेत.

यांपैकी 'लाँच' हा शब्द विशेष अभ्यासनीय आहे. आजच्या मराठीत तो दोन प्रकारे वापरला जातो. 'रेवसची लाँच सुटली' या वाक्यात तो स्त्रीलिंगी नाम आहे, तर 'कंपनीने नवी मोटार लाँच केली' या वाक्यात तो संयुक्त क्रियापदाचा घटक आहे. इंग्रजीतही या दोन्ही शब्दांचे स्पेलिंग आणि उच्चार अगदी एक आहेत. यावरून, 'जी पाण्यात लाँच केली जाते ती लाँच' असे स्पष्टीकरण कोणालाही सहज सुचेल. ते सुटसुटीत आहे, लक्षात राहण्यासारखे आहे आणि वर्गात सांगण्यासही सोयीचे आहे; परंतु ते बरोबर नाही. प्रस्तुत लेखात इंग्रजी क्रियापद 'लाँच' याचे लेखन, अर्थ आणि मूळ स्पष्ट करून, त्याच रूपाच्या नौकावाचक नामाचा स्वतंत्र इतिहास मांडला आहे. त्याचबरोबर हे दोन्ही शब्द मराठीत आल्यावर त्यांच्या लेखनाचे आणि उपयोजनाचे कोणते प्रश्न निर्माण होतात, याचाही विचार केला आहे.

क्रियापदाचे मूळ : भाल्यापासून नौकेपर्यंत

'लाँच' या इंग्रजी क्रियापदाचे मूळ लॅटिन भाषेतील 'लान्सिआ' या नामात आहे. 'लान्सिआ' म्हणजे हलका, फेकता येण्याजोगा भाला. हा शब्द मूळचा लॅटिनही नसावा. तो स्पेनमधून आला, असे मत रोमन पंडित व्हॅरो याने नोंदविल्याचा उल्लेख प्राचीन लॅटिन वाङ्मयात आढळतो. या नामापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'भाला चालविणे' या अर्थाचे क्रियापद बनले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'लान्सिए' असे रूप होऊन 'फेकणे, झोकून देणे' असा त्याचा अर्थ व्यापक झाला. उत्तर फ्रान्सच्या बोलींत याच क्रियापदाचा उच्चार 'स'ऐवजी 'च'ने होत असे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर उत्तरेकडील फ्रेंच बोलीचे असंख्य शब्द इंग्रजीत आले. 'लाँच' हे क्रियापद या गटातील असून मध्ययुगीन इंग्रजीत ते सुमारे १३०० पासून आढळते.

प्रारंभी त्याचे अर्थ 'झेप घेणे', 'वेगाने पुढे घुसणे' आणि 'फेकणे' असे होते. जहाज पाण्यात लोटणे हा अर्थ त्यानंतर सुमारे शतकभराने रूढ झाला. उतारावरून सुटलेली नौका पाण्यात झेपावते, ती जणू हातातून सुटलेल्या भाल्यासारखी; या साम्यामुळे हा अर्थविस्तार घडला असावा. पुढे 'एखादे कार्य सुरू करणे' असा लाक्षणिक अर्थ आला आणि विसाव्या शतकात अग्निबाण, वस्तू, पुस्तक, योजना, संगणकीय प्रणाली अशा सर्वांसाठी हे क्रियापद वापरले जाऊ लागले. अर्थाची ही साखळी लक्षात घेतली, तर आज परस्परांपासून दूर भासणारे अर्थ एका सूत्रात गुंफलेले दिसतात. ते सूत्र म्हणजे हातातील वस्तू जोर देऊन पुढे सोडणे, आणि सोडल्यावर ती स्वतःच्या गतीने जाणे.

मध्य फ्रान्सच्या प्रमाण बोलीतून हाच शब्द 'लान्स' या रूपाने पुन्हा इंग्रजीत आला. त्यामुळे 'लान्स' आणि 'लाँच' हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज ठरतात. शस्त्रक्रियेतील लहान, टोकदार सुरीचे 'लॅन्सेट' हे नाव त्याच घराण्यातील आहे. १८२३ मध्ये लंडनला सुरू झालेल्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने हेच नाव धारण केले. मराठी पत्रकारितेत रुळलेला 'फ्रीलान्स' हा शब्दही मूळचा भालाइताचाच. कोणत्याही एका राजाशी बांधील नसलेला भाडोत्री भालाईत, या अर्थाने तो वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत येतो.

स्पेलिंगचा प्रश्न

'लाँच' या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग एल, ए, यू, एन, सी, एच असे आहे. यातील 'यू' हे अक्षर विद्यार्थ्यांना अनाकलनीय वाटते, कारण त्याचा स्वतंत्र उच्चार होत नाही. त्याचे कारण नॉर्मन काळातील फ्रेंचमध्ये आहे. इंग्लंडमध्ये बोलल्या जाणाऱ्या फ्रेंचमध्ये अनुनासिकापूर्वीच्या 'आ'चा उच्चार 'आउ'कडे झुकत असे आणि तो तसाच लिहिला जाई. 'हाँट', 'स्टाँच', 'पाँच' या शब्दांच्या स्पेलिंगमधील 'ए-यू' ही जोडी याच प्रवृत्तीची खूण आहे. 'डान्स' आणि 'चान्स' हे शब्दही मध्ययुगीन इंग्रजीत 'यू'सह लिहिलेले आढळतात. त्यांच्यातून ते अक्षर पुढे गळून पडले, 'लाँच'मध्ये मात्र टिकले. मावशी, आत्या, काकू, मामी या सर्वांना इंग्रजीत जो एकच शब्द आहे, त्यातही हीच 'ए-यू' जोडी लिहिली जाते. परंतु ब्रिटिश उच्चार मात्र 'आ' असा होतो. तात्पर्य, एकाच लेखनपरंपरेतील शब्दांचे उच्चार काळाच्या ओघात दोन दिशांनी गेले. स्पेलिंग हा बहुतेकदा जुन्या उच्चाराचा अवशेष असतो, हे या उदाहरणातून चांगले स्पष्ट करता येते.

नामाचे मूळ : मलाया, पोर्तुगाल, इंग्लंड

नौकावाचक 'लाँच'चा इतिहास याहून अगदी निराळा आहे. त्याचा भाल्याशी संबंध नाही, लॅटिनशी नाही आणि नॉर्मन फ्रेंचशीही नाही. मलय भाषेत 'लांचार' म्हणजे वेगवान, सुरळीत, अडथळ्याविना चालणारे. त्यावरून 'लांचारान' हे वेगवान नौकेचे नाव झाले. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का जिंकले. त्यानंतरच्या पोर्तुगीज वृत्तांतांत 'लांचारा' या नावाच्या नौकेचे उल्लेख वारंवार येतात. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या शब्दाची स्वतंत्र नोंद असून तेथेही त्याचा संबंध मलय शब्दाशी जोडला आहे. पोर्तुगीज 'लांचा' हा शब्द याच मलय मूळापासून आला असावा, असे बहुतेक कोशकार मानतात. स्पॅनिश भाषेनेही तो पोर्तुगीजकडून घेतला.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस आला. युद्धनौकेवर ठेवलेल्या लहान नौकांपैकी सर्वांत मोठी, या अर्थाने तो नौदलात वापरला जाऊ लागला. इंग्रज खलाशांच्या कानांना तो 'लाँच' या परिचित क्रियापदासारखा वाटला आणि त्यांनी त्याचे स्पेलिंगही क्रियापदाप्रमाणेच केले. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचा वेष देण्याच्या या प्रवृत्तीला भाषाविज्ञानात लोकव्युत्पत्ती असे म्हणतात. म्हणजे 'लाँच केली जाते म्हणून लाँच' ही समजूत आजची नाही. तीच समजूत तीनशे वर्षांपूर्वी या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये कायमची उतरली. म्हणूनच प्रमाण इंग्रजी कोश या दोन शब्दांच्या नोंदी स्वतंत्रपणे देतात.

इतिहासातील एक योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. १७८९ मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावर बंड झाले, तेव्हा बंडखोरांनी कप्तान विल्यम ब्लाय यांना त्यांच्या अठरा सहकाऱ्यांसह जहाजाच्या लाँचमध्ये बसवून समुद्रात सोडून दिले. सुमारे तेवीस फूट लांबीच्या त्या उघड्या नौकेतून सुमारे ३,६०० सागरी मैलांचा प्रवास करून ते तिमोर बेटावर पोहोचले. ज्या द्वीपसमूहाच्या भाषेतून हे नाव निघाले होते, त्याच द्वीपसमूहात ते धारण करणारी नौका अशा रीतीने येऊन लागली.

योगायोग एवढ्यावर थांबत नाही. आजच्या मलय भाषेत 'लांचार' या शब्दापासूनच बनलेले 'मलांचारकान' हे क्रियापद 'हल्ला चढविणे', 'मोहीम सुरू करणे' या अर्थांनी वापरले जाते. म्हणजे इंग्रजी क्रियापद 'लाँच' आणि मलय क्रियापद हे रूपाने आणि अर्थाने जवळ आले आहेत. परंतु एकाचा उगम भाल्यात, तर दुसऱ्याचा वेगात आहे. रूप सारखे आणि अर्थही सारखा असूनही मूळ भिन्न असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. व्युत्पत्ती केवळ साम्यावर ठरत नाही. शब्दाचा प्रवास कागदपत्रांच्या आणि ध्वनिनियमांच्या आधारे मागे मागे शोधावा लागतो.

मराठीत शब्द कोणत्या वाटेने आला?

रायगडच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचे वास्तव्य दीर्घकाळ होते. त्यांनी १५२१ मध्ये चौल येथे किल्ल्याचे बांधकाम सुरू केले आणि १७४० मध्ये तो प्रदेश मराठ्यांच्या ताब्यात आला. कोर्लई येथे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून निर्माण झालेली मिश्र बोली आजही बोलली जाते. तेव्हा 'लाँच' हा शब्द मराठीने थेट पोर्तुगीजकडून घेतला काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. 'चावी', 'पगार', 'बटाटा', 'पाव' हे शब्द मराठीत तसे आलेच आहेत. पोर्तुगीज 'च' पुढे 'श'सारखा उच्चारला जाऊ लागला. मराठीतील 'चावी' या शब्दाने मात्र जुना 'च' जपला आहे.

'लाँच'च्या बाबतीत स्वर निर्णायक ठरतो. पोर्तुगीज शब्दात सानुनासिक 'आ'च्या जवळचा स्वर आहे. तो थेट मराठीत आला असता, तर 'लांच' किंवा 'लांचा' असे रूप अपेक्षित होते. प्रमाण मराठीतील 'ऑ' हा स्वर इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे मराठी 'लाँच' हा शब्द वाफेवर आणि पुढे तेलावर चालणाऱ्या लाँचांच्या काळात, इंग्रजीच्या द्वारेच आला, असे मानणे सयुक्तिक ठरते. मलाया, पोर्तुगाल, इंग्लंड, मुंबई आणि रेवस अशी त्याची वाट दिसते.

नाम मराठीत आल्यावर पूर्णपणे मराठी झाले. 'नाव', 'होडी', 'बोट' यांच्या सान्निध्यामुळे ते स्त्रीलिंगी ठरले. 'मचवा' आणि 'पडाव' पुल्लिंगी, 'गलबत' आणि 'जहाज' नपुंसकलिंगी, तर 'लाँच' स्त्रीलिंगी, ही व्यवस्था कोणी ठरवून केलेली नाही. भाषेच्या अंतर्गत जाणिवेने ती घडली. लिंगभेदाचा उपयोगही मोठा आहे. 'ते बोट' म्हटले की हाताचे, आणि 'ती बोट' म्हटले की समुद्रातली, हे मराठी भाषकाला सांगावे लागत नाही.

क्रियापद मात्र फार अलीकडे, मुख्यतः जाहिरात आणि वृत्तपत्रव्यवहारातून आले आणि तेही स्वतंत्र धातू म्हणून नव्हे. मराठी इंग्रजी क्रियापदांना थेट प्रत्यय लावत नाही. त्यांना नामासारखे वागवून 'करणे' किंवा 'होणे' यांची जोड देते. म्हणून 'लाँच करणे', 'लाँच होणे' अशी रूपे झाली.

देवनागरीतील लेखन

'लाँच' या शब्दाचे देवनागरी लेखनही काळजी घेण्यासारखे आहे. मराठीत येथील चिन्ह म्हणजे 'ऑ'चा अर्धचंद्र आणि त्यावर अनुस्वार; 'काँग्रेस' आणि 'बँक' या शब्दांतही अर्धचंद्रावर असाच अनुस्वार येतो. हिंदीत दिसायला तसेच असलेले चंद्रबिंदू हे चिन्ह स्वराचे अनुनासिकत्व दाखविते, उदाहरणार्थ 'चाँद'. त्यामुळे हिंदीत हा शब्द 'लॉन्च' असा लिहिण्याची पद्धत आहे. तिच्या प्रभावाने मराठी मजकुरातही 'लॉन्च' असे लेखन दिसते. उच्चार त्यातून बिघडत नाही. परंतु एकाच लेखात दोन्ही रूपे येऊ नयेत, एवढी शिस्त आवश्यक आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' या स्वरांना स्थान दिल्यामुळे अर्धचंद्रयुक्त लेखनाला अधिकृत आधार आहे.

अर्धचंद्र गाळल्यास अर्थच पालटतो. दुपारचे जेवण म्हणजे 'लंच', खाडीतील नौका म्हणजे 'लाँच' आणि गैरमार्गाने दिलेला पैसा म्हणजे 'लाच'. यांपैकी 'लाच' हा शब्द संस्कृत 'लञ्चा' आणि प्राकृत 'लंच' यांपासून आलेला असून त्यातील 'च' दंततालव्य आहे. 'लाँच' आणि 'लंच' यांतील 'च' तालव्य आहे. देवनागरी लिपी हा भेद दाखवीत नाही, तो उच्चारातूनच कळतो.

'फेरी' आणि 'तर'

रूपसाम्याने होणारी फसगत रेवसच्या आणखी एका शब्दात दिसते. भाऊच्या धक्क्याचे इंग्रजी नाव 'फेरी व्हार्फ' असे आहे. मराठी वाचकाला 'फेरीबोट' म्हणजे फेऱ्या मारणारी बोट, असे सहज वाटते. वस्तुतः मराठी 'फेरी' हा शब्द 'फिरणे', 'फेर' यांच्या कुळातील आहे, तर इंग्रजी 'फेरी' हे मूळचे 'वाहून नेणे' या अर्थाचे जुने जर्मानिक क्रियापद आहे. भाड्याचा वाचक इंग्रजी 'फेअर' हा शब्द त्याचा सगोत्र आहे. विशेष म्हणजे, या इंग्रजी 'फेरी'चे इंडो-युरोपीय मूळ आपल्या 'पार' या शब्दाच्या मूळाशी जुळते. म्हणजे जो मराठी शब्द 'फेरी'चा नातलग वाटतो तो नातलग नाही, आणि जो वाटत नाही तो 'पार' मात्र खरा नातलग आहे.

या सेवेला मराठीचा स्वतःचा शब्द आहे तो 'तर'. रेवस–करंजा सेवेचा उल्लेख वृत्तपत्रेही 'तर सेवा' असाच करतात. संस्कृत 'तॄ' म्हणजे ओलांडणे, पार जाणे, या धातूपासून तो आला. प्रवासी या अर्थाचा 'उतारू', पाणवठ्याचे पवित्र स्थान म्हणून 'तीर्थ', इतकेच नव्हे तर 'अवतार' हा शब्दही याच धातूचा परिवार आहे. लॅटिनमधील 'ट्रान्स' आणि इंग्रजीतील 'थ्रू' हे त्याचे दूरचे सगोत्र होत. पाणी ओलांडण्याच्या एका साध्या क्रियेतून भाषेने किती मोठी शब्दसंपत्ती निर्माण केली, हे यावरून ध्यानी येते.

एक इंग्रजी क्रियापद, अनेक मराठी क्रियापदे

'लाँच करणे' या प्रयोगावर परकीय म्हणून आक्षेप घेणे हा येथे हेतू नाही; परभाषेतील शब्द स्वीकारणे हे भाषेच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. प्रश्न आहे तो अर्थच्छटांचा. इंग्रजी एका क्रियापदाने जे भागविते, त्यासाठी मराठीत प्रसंगानुरूप भिन्न शब्द आहेत. पुस्तकाचे प्रकाशन होते, योजनेचा शुभारंभ होतो, मोहीम हाती घेतली जाते, हल्ला चढविला जातो, उपग्रहाचे प्रक्षेपण होते, माल बाजारात आणला जातो आणि जहाजाचे जलावतरण होते. यांपैकी 'प्रक्षेपण' या शब्दात फेकण्याचा मूळ लॅटिन अर्थ आपोआप उतरला आहे. थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी झालेल्या पहिल्या अग्निबाण उड्डाणापासून भारतीय अवकाशकार्यक्रमाची वाटचाल सुरू झाली. तिच्या मराठी वर्णनात हा शब्द चांगला रुळला.

अर्थच्छटा पुसल्या गेल्यास वस्तुस्थितीच चुकीची समजू शकते. भाऊच्या धक्क्याजवळच असलेल्या माझगाव गोदीत बांधलेल्या 'वागशीर' या पाणबुडीचे जलावतरण २० एप्रिल २०२२ रोजी झाले. नौदलात ती १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. जलावतरण म्हणजे बांधलेली नौका प्रथम पाण्यात उतरविणे. त्यानंतर अंतर्गत जोडणी आणि चाचण्या होतात आणि मग ती सेवेत येते. मोटार 'लाँच' झाली म्हणजे ती विक्रीस आली, या सवयीने वाचणाऱ्याला पाणबुडी 'लाँच' झाली म्हणजे ती सेवेत आली असे वाटेल. या दोन घटनांमध्ये जवळजवळ पावणेतीन वर्षांचे अंतर होते. येथे अचूक शब्द हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही, तो माहितीचा प्रश्न होतो.

नौकांच्या प्रकारांबाबतही हेच म्हणता येईल. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला येताना बुडालेली आणि सहाशेहून अधिक उतारूंचे प्राण घेणारी 'रामदास' ही आगबोट होती. आगबोट, लाँच, मचवा आणि होडी यांची बांधणी, क्षमता आणि धोके वेगळे असतात. त्या दुर्घटनेची नोंद करताना 'बोट' या एका शब्दाने सर्व भागविले, तर पुढील पिढीला घटनेचे स्वरूप आणि व्याप्ती कळणार नाही.

अध्यापनातील उपयोजन

महाविद्यालयीन अध्यापनात या विषयाचा उपयोग तीन प्रकारे करता येईल. पहिला, इंग्रजीच्या अध्यापकाला स्पेलिंगचे पाठांतर करवून घेण्याऐवजी त्यामागील ऐतिहासिक कारण सांगता येईल. दुसरा, मराठीच्या अध्यापकाला शब्दाचा स्वीकार, लिंगव्यवस्था, संयुक्त क्रियापद आणि लोकव्युत्पत्ती या संकल्पना परिचित उदाहरणांनी स्पष्ट करता येतील. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' आणि गोमंतकीय विद्वान सेबास्तियाँव रुदोल्फ दाल्गाद यांचा पोर्तुगीज–आशियाई शब्दसंपर्काचा अभ्यास यांची ओळखही या निमित्ताने करून देता येईल. तिसरा, किनारपट्टीवरील महाविद्यालयांना विद्यार्थ्यांकडून बंदरांतील शब्दांचे संकलन करवून घेता येईल. असे संकलन करताना शब्दाचा स्थानिक उच्चार, लिंग, अनेकवचन आणि वाक्यातील प्रयोग यांची नोंद आवश्यक आहे. व्युत्पत्तीचा निर्णय मात्र कोशांची पडताळणी झाल्यावरच करावा.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचा भाग म्हणून रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या पुलाचे कामही हाती घेण्यात आले आहे. पूल ही परिसराची जुनी आणि रास्त गरज आहे. परंतु पुलावरून जाणाऱ्या प्रवाशाला 'तर' या शब्दाची गरज उरणार नाही, आणि ज्या शब्दाची रोजच्या व्यवहारात गरज उरत नाही तो एक-दोन पिढ्यांत विस्मरणात जातो.

समारोप

इंग्रजी क्रियापद 'लाँच' हे भाल्याच्या नावापासून, नॉर्मन फ्रेंचच्या द्वारे आलेले आहे आणि त्याच्या स्पेलिंगमधील 'यू' ही त्या प्रवासाची खूण आहे. नौकावाचक 'लाँच' बहुधा मलय भाषेतील वेगवाचक शब्दापासून पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत आला आणि क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये सामावला गेला. मराठीने नाम आधी, प्रत्यक्ष व्यवहारातून घेतले. क्रियापद नंतर, जाहिरातीच्या आणि वृत्तपत्रांच्या भाषेतून घेतले. रूपसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नसतो, तो केवळ शोधाचा प्रारंभबिंदू असतो, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

माझगावच्या गोदीत होणारे 'जलावतरण' आणि रेवसच्या खाडीतील 'तर' हे दोन शब्द मात्र खरोखरच एका धातूचे आहेत. एक शासकीय समारंभाच्या मराठीत वावरतो, तर दुसरा धक्क्यावरच्या उतारूंच्या तोंडी असतो. ग्रांथिक आणि व्यावहारिक मराठीतील हे नाते विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे आणि खाडीवरचा शब्द तेथे बोलला जात आहे तोवर नोंदवून ठेवणे, हे भाषेच्या अध्यापकाला सहज शक्य असलेले आणि म्हणूनच त्याचे कर्तव्य ठरणारे कार्य आहे.